केळ आहे, लोंगर नाही

वांगशी युआन या बागेचं तिकीट काढून आत शिरलो आणि अण्णा तिसऱ्याच मिनिटाला थांबले. समोर पांढरी भिंत. उजवीकडे काळपट लाकडाचा दिवाणखाना, त्याच्या पलीकडे चौक आणि त्या चौकालाही भिंतच. एप्रिल संपत आला होता. सकाळीच पाऊस पडून गेलेला, भिंतींवर ओघळांचे राखाडी डाग उमटलेले, फरशीतून ओल्या दगडाचा वास येत होता. अण्णांनी छत्री मिटली, चारी बाजूंना नजर फिरवली आणि शेजारच्या आगरातल्या माणसाला हाळी द्यावी तेवढ्या आवाजात विचारलं, "अगो, बाग कुठाय?"

"हीच बाग," मी म्हटलं. दातांत धरून म्हटलं. मागे चाळीस-पन्नास जणांचा घोळका होता, त्यांच्या बाईच्या हातात झेंडा आणि गळ्यात कर्णा. तिथं कुणाला मराठी कळणार होतं? तरी मला कानकोंडं झालं. चीनमधल्या सुझौत येऊन मला तीन वर्षं झाली होती, पाहुण्यांना बागा दाखवून दाखवून माझं एक भाषण तयार झालं होतं आणि त्याची सुरुवात मी नेहमी याच चौकात करायची. अण्णांनी ती सुरुवातच कापून टाकली. खरं तर माझं उत्तर चूकही होतं. आम्ही उभे होतो ती बाग नव्हतीच, ते घर होतं. ही बाग पाहायची तर आधी यजमानाच्या घरातून जावं लागतं: पालख्या उतरवायची जागा, मग बैठकीचा दिवाणखाना, मग मागचे चौक, आणि बाग कुठे तरी बाजूला, एका लहानशा दारापलीकडे. "पुढं आहे, चला," एवढं म्हणता आलं असतं. ते न म्हणता मी त्यांना गप्प केलं. तो स्वर माझ्या कानात अजून आहे.

अण्णांसाठी बाग म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरामागे समुद्रापर्यंत गेलेलं आगर आहे. वर माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढलेले मिरवेल, मधून पाट, पाटाकडेला अळू आणि कर्दळ. शिंपणं चालू असलं की पायाखाली गार, पाच पावलं पलीकडे पुळण तापलेली. तिथल्या प्रत्येक झाडाचा हिशेब अण्णांना तोंडपाठ आहे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढून ते गावी परतले, ते या झाडांसाठीच. शिवाय या खेपेला त्यांना आम्ही आंब्याच्या दिवसांत आणलेलं. विमानाची तिकिटं स्वस्त होती हे माझं कारण त्यांनी ऐकून घेतलं होतं, मान्य केलं नव्हतं.

त्या लहान दारातून बाहेर पडलं की एकदम तळं येतं. तळ्याकडेला पिवळट दगडांचे ढीग, पाण्यावर झुकलेलं पाईनचं झाड, आणि वाऱ्याबरोबर चंद्र येतो अशा नावाचा एक मंडप. तळ्याच्या कोपऱ्यात दगडी पूल आहे, कमानीचा, दोन्ही बाजूंना कठडे, सगळं रीतसर, पण तीन पावलांत संपतो. अण्णा त्यावरून गेले, परत आले, पुन्हा गेले. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र एकाही पाहुण्यानं मला तोवर विचारला नव्हता. "एकूण जागा किती?" मी एकरात सांगायला लागले, त्यांना गुंठ्यांत हवं होतं. पन्नास-साठ गुंठे, त्यातही घर. अण्णा बराच वेळ गप्प होते. पूल मोठा असता तर तळं डबकं दिसलं असतं, हे त्यांनीच मला सांगितलं. तीन वर्षं त्या पुलावर मी पाहुण्यांचे फोटो काढत होते आणि त्याच्या मापाचा विचार एकदाही केला नव्हता. आई एवढ्या वेळात दगडी बाकावर रुमाल अंथरून बसली होती. तिला तिथली शांतता आवडली आणि तिचं तेवढ्यावरच भागलं.

'वांगशी' म्हणजे जाळ्यांचा उस्ताद, अर्थात कोळी. बाराव्या शतकात एका अधिकाऱ्यानं इथं घर बांधलं तेव्हा त्यानं कोळ्याच्या आसऱ्याचं नाव घेतलं होतं. पुढे अठराव्या शतकात दुसऱ्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं बाग नव्यानं उभी केली आणि तोच धागा पकडून हे नाव दिलं. सरकारी नोकरीला कंटाळलेल्या माणसानं स्वतःला कोळी, लाकूडतोड्या, शेतकरी म्हणवून घ्यायचं, ही तिथली जुनी ऐट. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. "मासळीचा वास नाही ते बरं," म्हणाले. आमच्या गावच्या कोळीवाड्यात निवृत्त अधिकाऱ्याला कुणी काय म्हटलं असतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चुओचंग युआन. ही मोठी, तेरा एकरांच्या आसपास, आणि गर्दी अशी की अरुंद पडव्यांमधून माणसं ढकलली जातात. तिथं पाऊस ऐकण्यासाठी बांधलेली एक बैठक आहे. तिच्या अंगणात लहानसं तळं, आणि केळी. अण्णा केळीपाशी थांबले. पान उलटून पाहिलं, खोड चाचपलं, वर पाहिलं. "केळ आहे, लोंगर नाही." मी म्हटलं, या केळीचं फळ खात नाहीत. मग कशाला लावली? पावसाला, मी म्हटलं. पानांवर पाऊस वाजतो म्हणून. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मुलीला शिकवलं ते फुकट गेलं. "आवाजासाठी केळ?" दिवसभर ते मधूनच हे पुटपुटत होते. आईला तर त्यांनी तीनदा सांगितलं.

दगडांचंही तसंच. ताइहू सरोवरातून आलेले ते भोकाभोकांचे चुनखडीचे दगड तिथं देवासारखे उभे केलेले असतात. दगड कसा असावा याची चार लक्षणं ठरलेली आहेत: अंगानं कृश हवा, सुरकुतलेला हवा, पाणी झिरपेल अशा वाटा असलेला हवा आणि आरपार दिसेल असा हवा. लिउ युआन नावाच्या बागेत साडेसहा मीटर उंचीचा एक आहे, ढगांचा मुकुट म्हणून. कुणा माणसाला पाहावं तसं लोक त्याला पाहत असतात. अण्णा जांभ्याच्या मुलखातले. चिरेखाणीवर उभं राहून चिरा निवडायचा म्हणजे भोकाभोकांचा बाजूला काढायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. "असला आपण गडग्याला लावतो, तोही मागल्या," असं म्हणून ते पुढे गेले. मला मात्र तिथं नेहमी हुइझोंग आठवतो. सम्राट असूनही चित्रं काढणारा, सुंदर अक्षर लिहिणारा, आणि दगडांच्या नादाला लागलेला. दक्षिणेकडून त्याच्या राजधानीत, काइफंगला, दगड आणि झाडं वाहून नेणाऱ्या नावांचे तांडेच्या तांडे जायचे. दगड उंच असला की वाटेतले पूल पाडायचे, शहराच्या वेशी फोडायच्या. लोक मेटाकुटीला आले, बंडं झाली. ११२७ मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन फौजांनी राजधानी घेतली आणि सम्राटाला कैद करून नेलं. त्या दगडांची त्यानं रचलेली डोंगरबागही गेली. सौंदर्याची जाण असणं आणि माणुसकी असणं यांचा संबंध असतोच असं नाही, हे मला त्या दगडांसमोर फार जाणवतं. तरीही दगड सुंदर दिसायचे थांबत नाहीत. याचं काय करायचं, मला कळलेलं नाही.

अण्णा परत गेल्यावर एकदा पावसाळी दुपारी चुओचंग युआनच्या नावाचा अर्थ मी नीट शोधत बसले. अडाण्याचा राज्यकारभार, असं काहीसं. जुन्या एका कवीच्या ओळीवरून घेतलेलं: बागेला पाणी घालावं, भाजी विकून रोजची चूल चालवावी, अडाणी माणसाचा राज्यकारभार तो एवढाच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला नोकरी सोडून आलेल्या वांग श्यानचन नावाच्या अधिकाऱ्यानं ही बाग केली. १५३३ साली त्याचा चित्रकार मित्र वन चंगमिंग यानं तिची एकतीस चित्रं काढली. त्या चित्रांत आजच्यासारखी दगडांची गर्दी नाही. मोकळी जागा आहे, पाणी आहे, आणि फळझाडं आहेत: आलुबुखारांचा उतार, पीचचा काठ, संत्री. दंव पडेपर्यंत संत्र्याला रंग चढत नाही म्हणून दंवाची वाट पाहणाऱ्या मंडपाचं चित्र आहे, आणि त्या नावाचा मंडप आजही तिथं आहे. मी त्याच्यासमोरून शंभर वेळा गेले असेन. नावाला मी काव्य म्हणत होते, तो तर चक्क हंगामाचा हिशेब होता. म्हणजे अण्णा ज्या अर्थानं विचारत होते त्या अर्थाची बाग तिथं होती. पुढे मुलानं एका रात्रीच्या जुगारात ती घालवली म्हणतात, मग मालक बदलत गेले, डोंगर वाढले, मंडप वाढले आणि फळांची आठवण तेवढी नावांत उरली.

पेइचिंगला आम्ही रेल्वेनं गेलो. पाच तासांत खिडकीबाहेरचा हिरवा रंग विरत विरत पिवळट-करडा झाला, हवा कोरडी झाली, आईचे ओठ फुटले. उन्हाळी राजवाड्याच्या आवारात शिरल्यावर अण्णांनी बाग कुठाय असं विचारलं नाही. तिथं सगळं समोरच होतं. लाल खांब, तुळयांवर निळा-हिरवा रंग आणि त्यात हजारो चित्रं, पिवळी कौलं. सुझौच्या श्रीमंतालाही पिवळं कौल चढवायची मुभा नव्हती. त्याच्या वाट्याला पांढरं, राखाडी आणि लाकडाचा काळपट तपकिरी. त्यानं मग त्या पांढऱ्या भिंतीचाच कागद केला आणि बांबूच्या सावलीला त्यावर शाईसारखं पडू दिलं. उत्तरेत चार-पाच महिने झाडं निष्पर्ण, आभाळ करडं. तिथं रंग माणसालाच आणावा लागतो. कौलारांच्या कडाही वेगळ्या, दक्षिणेत पक्षी उडायच्या बेतात असल्यासारख्या वर वळलेल्या, इथं बर्फाचं ओझं पेलायला बसलेल्या जाडजूड. सातशे अठ्ठावीस मीटरची पडवी आम्ही टोकापासून टोकापर्यंत चाललो. सुझौत दहा पावलांवर पडवी वळते, कारण पुढचं दिसू द्यायचं नसतं. इथं ती सरळ जाते, कारण बादशहापासून लपवायचं काय?

"हे धरण आहे," अण्णा तळ्याकडे पाहत म्हणाले. "सांडवा कुठाय?"

मी पुन्हा चिडले असते, पण चालून दमले होते. नंतर वाचलं ते असं. १७५० च्या आसपास चियानलोंग बादशहानं आईच्या साठीनिमित्त ही बाग केली हे खरं, पण ते तळं खणून वाढवलं ते शहराच्या पाण्याची, कालव्याची सोय म्हणूनही. निघालेली माती शेजारच्या टेकडीवर चढवली. पाटबंधारे खात्याच्या माणसाला ते पाहताक्षणी ओळखू आलं. याच बादशहानं दक्षिणेचे सहा दौरे केले, आवडलेल्या बागांची चित्रं काढून घेतली आणि उत्तरेत त्यांच्या नकला उभ्या केल्या. या राजवाड्याच्या एका कोपऱ्यातली छोटी बाग वूशीतल्या एका बागेवरून केलेली आहे. सुझौतल्या सिंहवन नावाच्या बागेच्या तर त्यानं दोन नकला करवल्या. मला यात करुण काही तरी वाटतं. एवढं मोठं राज्य ज्याचं, त्याला दुसऱ्याच्या परसाचा मोह सुटत नव्हता.

जवळच युआनमिंग युआनचे अवशेष आहेत. १८६० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी तो राजवाडा लुटला, मग इंग्रजांनी जाळला. आम्ही पाहत होतो तो उन्हाळी राजवाडाही त्याच आगीत सापडला, आज दिसतं त्यातलं बरंच काही नंतरचं. त्या फौजेत हिंदुस्थानी पलटणी होत्या, पंजाबातल्या. आणि ज्या अफूवरून ती युद्धं पेटली तिच्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती. तिच्या पैशातून उभ्या राहिलेल्या मुंबईत मी कॉलेज शिकले, त्या पैशाच्या दानधर्मातल्या इमारतींखालून रोज गेले. अण्णांना हे सगळं माहीत होतं, त्यांचं वाचन माझ्यापेक्षा जास्त. पडलेल्या संगमरवरी खांबांमध्ये ते हात मागे बांधून फिरले आणि त्या दिवशी एकही शेरा मारला नाही.

मग ग्वांगझौ, नवऱ्याच्या कामाच्या निमित्तानं दोन दिवस. विमानातून उतरताच अण्णांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि म्हणाले, "हां." ती दमट, आंबूस, पिकल्या पानांच्या वासाची हवा आम्हाला दोघांनाही ओळखीची होती. पानयूतल्या यूयिन शानफांग या बागेत गेलो. १८६० च्या दशकात सुरू होऊन १८७१ मध्ये पुरी झालेली, जेमतेम सोळा गुंठ्यांची. सुझौत तळ्याचा काठ कसा वाकडातिकडा, जणू आपोआप झाल्यासारखा. इथं एक तळं चौकोनी, दुसरं अष्टकोनी, त्याच्या मधोमध अष्टकोनी मंडप, आणि दोन्ही तळ्यांमध्ये छपराचा पूल. लिंगनान म्हणजे हा दक्षिणेकडचा मुलूख, आणि इथल्या लोकांना आपण बांधलंय हे लपवायची गरज वाटलेली नाही. घर आणि बाग वेगळी काढताच येत नाही. दारं-खिडक्यांना रंगीत काचा, कारण ग्वांगझौ हे बंदर आणि परदेशी माल आधी इथं उतरायचा. सुझौचे लोक याला भडक म्हणतात. मीही म्हणत असे. पण निळ्या काचेतून आईनं अंगण पाहिलं आणि भर उन्हात ती म्हणाली, "अगंबाई, बर्फ पडल्यासारखं दिसतंय." तिनं पाहिलेलं ते पहिलं आणि बहुधा शेवटचं बर्फ.

अण्णा छपरावर चढलेल्या वेलापाशी होते. फुलं संपत आली होती, चार-दोन शेंदरी झुपके उरले होते. "संक्रांतवेल," ते म्हणाले. तिथं तिला फटाक्यांचं फूल म्हणतात, कारण त्यांच्या नव्या वर्षाच्या सुमाराला ती फुलते. आमच्या न्हाणीच्या छपरावर होती तशीच. आवाराबाहेर लिचीची झाडं होती, हिरवी, बोराएवढी फळं धरलेली. अण्णांनी एक घोस हातावर तोलला, गळ किती झाली असेल याचा अंदाज बांधला, झाडाखालचा पालापाचोळा पायानं बाजूला करून माती पाहिली. मी बागेच्या नावाचा अर्थ सांगितला: पूर्वजांची उरलेली सावली. त्यांनी दोनदा विचारून घेतला. "ही बाग," ते म्हणाले, आणि ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतून आईनं दिलेली भडंग काढली.

ते दोघं परतल्यावर मी एकटीच यांगझौला गेले. मिठाच्या व्यापाऱ्यांचं शहर, उत्तर आणि दक्षिण यांच्या मधलं. तिथं गं युआन आहे, हुआंग चियुन नावाच्या मीठ-व्यापाऱ्यानं १८१८ मध्ये केलेली. चार ऋतूंचे चार डोंगर. बांबूमध्ये कोंबांसारखे उभे दगड म्हणजे वसंत, ताइहूचे ढगाळ दगड पाण्याकडेला म्हणजे उन्हाळा, पिवळ्या दगडांचा उंच कडा म्हणजे शरद, आणि सावलीतल्या भिंतीला टेकलेले पांढरे दगड म्हणजे हिवाळा, बर्फ वितळायचं राहून गेल्यासारखे. त्या भिंतीत चोवीस गोल भोकं आहेत, वारा आला की घुमावीत म्हणून. मी गेले तेव्हा वारा पडला होता. कान लावून उभी राहिले, भोकांतून पलीकडच्या रस्त्यावरच्या स्कूटरचा हॉर्न तेवढा आला. अण्णा असते तर काय म्हणाले असते ते मला ऐकू आलं आणि मी एकटीच हसले. बाजूच्या भिंतीतल्या खिडकीतून वसंतातले बांबू दिसत होते.

सुझौतल्या बागांमध्ये बाहेरचं दृश्य उसनं घेतात. चुओचंग युआनच्या तळ्याच्या टोकाला उभं राहिलं की शहरातला नऊ मजली पॅगोडा बागेतच असल्यासारखा दिसतो. हे मी अण्णांना तेव्हा दाखवलं होतं आणि ते नुसतं "हूं" म्हणाले होते. गेल्या दिवाळीत घरी गेले, तर मागल्या दारी विहिरीच्या कठड्यावर बसलेले असताना आपणहून म्हणाले, "समुद्र काही आपल्या सातबाऱ्यावर नाही." मला कळायला क्षणभर लागला.

तेव्हाच धाकट्या भावानं पुढला गडगा पाडायचं काढलं होतं. गाडी खळ्यात यायला हवी हे त्याचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. आईचे गुडघे गेलेत, पाखाडी चढवत नाही. गडगा गेला, जुनं बेडं गेलं, लोखंडी गेट आलं. आता रस्त्यावरून पाहिलं तर खळं, ओटी, माजघराचं दार, मागलं दार आणि त्यापलीकडची विहीर, सगळं एका रेषेत दिसतं. लहानपणी शाळेतून येताना पाखाडीच्या वळणावर घर दिसायचं नाही, नुसता चुलीचा धूर आणि फोडणीचा वास यायचा. मी त्यावर काही बोलले नाही. तीन-चार वर्षांनी एकदा येणाऱ्यानं काय बोलायचं?

मेअखेरीस भावाचा फोन आला, वैतागलेला. पाडलेले चिरे अण्णांनी ठेवून दिले होते. गवंडी बोलावून त्यांनी गेटच्या आत पंधरा फुटांवर एक आडवी भिंत घातलीय, छातीभर उंच, आणि भोकाभोकांचे चिरे मुद्दाम दर्शनी बाजूला लावलेत. गाडी आत येते, पण वळसा घालून. कुरिअरवाला गेटात उभा राहून ओरडतो, काका, घर कुठाय? "आणि तुझ्या खोलीच्या खिडकीखाली," भाऊ म्हणाला, "रानकेळ आणून लावल्ये, डोंगरातून. खायच्या उपयोगाची नाही की कशाच्या नाही."

"कशाला लावली म्हणाले?"

"विचारलं मी. म्हणाले, पाऊस लागू दे, मग सांगतो."